स्वस्त एमपी३ प्लेअर नीट कसा भरावा: कार्ड तपासण्यापासून गाण्यांचा क्रम लावण्यापर्यंत

प्लेअर आणला, कार्ड घातलं, मिळतील तेवढी गाणी कोंबली आणि पंधरा दिवसांत तो कपाटात जाऊन पडला. सांगली-साताऱ्याकडे हे घरोघरी झालेलं आहे. हरिपाठाचा सातवा अभंग पहिल्यांदा लागतो. कीर्तन मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नावांच्या जागी चौकोन दिसतात, निम्म्या फाइली वाजतच नाहीत. मग कोणीतरी सांगतं, "पीस खराब आहे, दुसरा घ्या."

बहुतेक वेळा पीस धडधाकट असतो, चूक भरण्यात झालेली असते. मोबाईल पुष्कळ गोष्टी स्वतःच सावरून घेतो. स्वस्त प्लेअरला ती अक्कल दिलेली नसते. ज्या प्रकारच्या फाइली मिळतील आणि ज्या क्रमाने मिळतील, तसाच तो वाजवतो. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट गाणी भरली, तर नंतरची सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

१. दुकानात जाण्याआधी चाचणीचं कार्ड तयार करा

हरभट रोडवर घ्या किंवा पोवई नाक्यावर, दुकानदार त्याच्याकडचं एखादं दणदणीत गाणं वाजवून दाखवतो. त्यातून काहीच कळत नाही. घरातलं जुनं ८ किंवा १६ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड घ्या आणि त्यावर एवढंच टाका:

- एक साधं एमपी३ गाणं
- देवनागरीत नाव दिलेलं एक गाणं
- दीड-दोन तासांचं एक कीर्तन किंवा भाषण
- एम४ए प्रकारची एक फाइल
- एका वेगळ्या फोल्डरमध्ये ०१ ते ०५ अशी नावं दिलेल्या पाच छोट्या फाइली. त्या मुद्दाम उलट्या क्रमाने एकेक करून कॉपी करा: आधी ०५, मग ०४, शेवटी ०१.

दुकानात हे कार्ड घालून शेवटचा फोल्डर लावा. ०१ पासून वाजला तर प्लेअर नावाप्रमाणे क्रम लावतो. ०५ पासून वाजला तर तो कॉपी केलेल्या क्रमाने चालतो. स्वस्तातले बरेच प्लेअर दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यात बिघडलं काही नाही, पण तुम्हाला सहावी पायरी काटेकोर पाळावी लागेल, हे आधीच कळलेलं बरं.

मग कीर्तन लावा, वीस मिनिटं पुढे ढकला, प्लेअर बंद करून पुन्हा चालू करा. जिथे सोडलं तिथूनच लागलं पाहिजे. कीर्तन, प्रवचन, कथा ऐकणाऱ्यांनी ही एक चाचणी सोडू नये. यात नापास झालेला पीस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

माझं स्पष्ट मत सांगतो: पडदा नसलेला, चिमट्याचा छोटा प्लेअर फक्त फिरायला जाताना वीस-पंचवीस गाणी ऐकणाऱ्यासाठी ठीक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी किंवा शेतात वापरायला छोटा का होईना पडदा हवा आणि दाबायची खरी बटणं हवीत. ओल्या हाताने किंवा अंधारात टच चालत नाही.

तपासून घ्या: ३.५ एमएमच्या खाचेत इअरफोनची पिन हलवल्यावर एका कानातला आवाज जात नाही ना? बटणं बंद करायचं लॉक आहे का? बिल मिळालं का?

२. नवीन कार्ड खरं आहे का ते बघा

रोजच्या वापरासाठी १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड घ्या, त्याहून मोठं नको. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने मांडलेली असतात आणि ती जवळपास प्रत्येक प्लेअरला वाचता येतात. ६४ जीबीपासून पुढची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, आणि तिथेच स्वस्त प्लेअर "नो कार्ड" म्हणतो.

बाजारात खोट्या क्षमतेची कार्डंही फिरतात. आत जागा ८ जीबी, वर छापलेलं ३२ आणि कॉम्प्युटरलाही ३२ असंच सांगणारं. भरताना काही कळत नाही. आठ जीबीच्या पुढे गेलं की नवीन गाणी नुसती नावापुरती उरतात, कधी जुन्यांवरच लिहिली जातात. "आधी वाजत होतं, आता वाजत नाही" यामागे अनेकदा हेच असतं.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम रिकाम्या कार्डावर चालवा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतो. ३२ जीबीला तास-दोन तास लागू शकतात, तेवढा वेळ द्या. "विदाउट एरर्स" असं आलं तर कार्ड चांगलं. त्याने टाकलेल्या फाइली नंतर पुसून टाका.

३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर २९ च्या आसपास दिसतं, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या.

३. फॉरमॅट

प्लेअरच्या मेनूत फॉरमॅटची सोय असेल तर तिथूनच करा. नसेल तर कॉम्प्युटरवर कार्डाच्या नावावर राइट क्लिक, फॉरमॅट, फॅट३२, आणि सुरू.

सावधान: सुरू करण्याआधी ड्राइव्हचं अक्षर आणि क्षमता दोनदा वाचा. शेजारी घरच्या लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तो आधी काढून ठेवा.

सावधान, मोबाईलवाल्यांसाठी: कार्ड मोबाईलमध्ये घातल्यावर काही फोन विचारतात, ते फोनचं अंतर्गत स्टोरेज म्हणून वापरायचं की पोर्टेबल म्हणून. पोर्टेबलच निवडा. अंतर्गत निवडलं तर फोन ते कार्ड कुलूपबंद करतो. मग ते दुसऱ्या कशातच वाचलं जात नाही आणि लोक कार्ड जळालं समजून फेकून देतात. पुन्हा फॉरमॅट केलं की ते चालतं, आतला मजकूर मात्र गेलेला असतो.

४. गाणी आधी कॉम्प्युटरवर जमवा

कार्डावर थेट गोळा करत बसू नका. मूळ संग्रह कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा, कार्ड ही त्याची नक्कल. कार्ड नखाएवढं असतं, उसाच्या सरीत पडलं की संपलं.

ॲपमध्ये "डाउनलोड" केलेली गाणी इथे चालत नाहीत. ती त्या ॲपपुरतीच कुलूपबंद असतात, कॉपी करून नाव बदलूनही वाजत नाहीत. त्यामागे वेळ घालवू नका. स्वतःच्या सीडी, जुन्या कॅसेट, विकत घेतलेल्या एमपी३ फाइली आणि परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग, एवढ्यातूनच संग्रह उभा करा.

सीडीवरून घेताना विंडोज मीडिया प्लेअरच्या रिपच्या सेटिंगमध्ये आधी एमपी३ निवडा, नाहीतर तो दुसऱ्याच प्रकारात फाइली बनवतो. कॅसेट असेल तर टेपच्या हेडफोन किंवा लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर, आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग. आवाजाचा काटा सर्वात मोठ्या जागीही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधता येत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या कीर्तनांचा घोटाळा निराळा आहे. तिथले व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचे असतात. फाइलच्या नावाचं शेपूट खोडून तिथे एमपी३ लिहिलं म्हणून फाइल एमपी३ होत नाही. व्हीएलसी प्लेअरमधल्या "कन्व्हर्ट" मधून ती खरोखर बदलून घ्या. विंडोजमध्ये ही शेपटं लपवलेली असतात, तेव्हा आधी व्ह्यू मेनूत "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर खूण करा. त्याशिवाय कुठली फाइल कसली आहे हे दिसतच नाही.

आता दर्जा, म्हणजे बिटरेट, किती ठेवायचा. दर सेकंदाला किती डेटा वापरायचा याचं हे माप, ते केबीपीएसमध्ये मोजतात. ३२० केबीपीएसला तासाला १४४ एमबी लागतात, १२८ ला साधारण ५८ आणि ६४ ला २९. कीर्तन, प्रवचन, भाषण ६४ वर मोनोमध्ये (दोन्ही कानांना एकच आवाज) ठेवा. बोलणं स्वच्छ ऐकू येतं. शास्त्रीय गाणं मात्र १९२ च्या खाली नेऊ नका, तंबोऱ्याचा झंकार आधी जातो. पण १२८ ची फाइल ३२० करून काही सुधारत नाही, फक्त फुगते.

लांब फाइलींसाठी एक पक्का नियम: निर्यात करताना बिटरेट "कॉन्स्टंट" ठेवा. "व्हेरिएबल" ठेवलेल्या दोन तासांच्या कीर्तनात स्वस्त प्लेअर वेळ चुकीची दाखवतो, पुढे ढकलताना भलतीकडे उडी मारतो आणि सोडलेली जागा विसरतो.

एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी मोनो फार महत्त्वाचं आहे. रात्रीच्या विजेवर दारं धरायला जाणाऱ्याने दोन्ही कान कधीच बंद करू नयेत. उसात घोणस असते, शिराळा-कराडकडे बिबट्याही असतो, आणि मोटर बंद पडल्याचंही कळलं पाहिजे. पण स्टिरिओ गाणं एका कानाने ऐकलं तर दुसऱ्या बाजूची वाद्यं जातात, जुन्या काही रेकॉर्डिंगमध्ये तर गायकच जातो. ऑडॅसिटीत ट्रॅक्स, मिक्स, "स्टिरिओ टू मोनो" करून अशा गाण्यांचा शेतासाठी वेगळा फोल्डर बनवा.

मिरजेकडे गाणं शिकणारी मुलं तंबोऱ्यासाठी असा प्लेअर वापरतात, त्यांनाही एक सांगणं. दोन मिनिटांची फाइल "रिपीट वन" वर लावली की प्रत्येक फेरीला बारीक खंड पडतो आणि सूर लावलेला असताना तो नेमका बोचतो. एमपी३ बनतानाच फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घातली जाते, त्यामुळे हे होतं. प्लेअर बदलून उपयोग नाही. ऑडॅसिटीत तोच तंबोरा जोडत नेऊन तासाभराची एकच फाइल करा आणि प्रत्येक पट्टीची वेगळी ठेवा. काळी एकचा रियाज एका फाइलीत पुरा झाला पाहिजे.

शेवटी सगळ्या फाइली एमपी३गेन या आवाज सारखा करणाऱ्या प्रोग्राममधून एकदा फिरवा. त्याचं ठरलेलं ८९ डेसिबल चालतं. नाहीतर कॅसेटवरच्या मंद भजनासाठी आवाज वाढवलेला असतो आणि पुढचं गाणं कानठळ्या बसवतं.

५. नावं द्या

सर्वाधिक चुका इथे होतात.

फाइलचं नाव रोमन लिपीत, छोटं, आणि नावाच्या सुरुवातीला क्रमांक. क्रमांकाचे आकडेही इंग्रजी कीबोर्डवरचेच. शंभराच्या आत फाइली असतील तर दोन अंकी (01, 02), त्याहून जास्त असतील तर तीन अंकी (001, 002). नुसतं १, २, ३ लिहिलं तर प्लेअर १ नंतर १० वाजवतो, मग ११, आणि २ कुठल्या कुठे जातो. फसवं म्हणजे कॉम्प्युटरच्या खिडकीत हा क्रम बरोबर दिसतो, कारण विंडोज तिथे आकडे समजून घेऊन मांडतं. पडद्यावर दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका.

देवनागरी नावं द्यावीशी वाटतात, हे मी समजू शकतो. तुमच्या पीसवर ती नीट दिसली तर जरूर द्या. न दिसण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा:

चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. रोमन नावाशिवाय मार्ग नाही.

टोप्या-टिंबं लावलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेलं गाण्याचं-गायकाचं नाव, वाचण्यात गडबड आहे. एमपी३टॅग हा प्रोग्राम उघडा, पर्यायांमध्ये आयडी३ ची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडा, सगळ्या फाइली निवडून पुन्हा सेव्ह करा. अनेकदा एवढ्याने नावं दिसू लागतात.

अक्षरं दिसतात पण मोडलेली, म्हणजे "विठ्ठल" मधली वेलांटी "व"च्या मागे जाऊन बसली आणि "ठ्ठ" सुटा झाला, तर फॉन्ट आहे पण जोडाक्षरं बांधायची सोय नाही. वाचणाऱ्याला चालत असेल तर राहू द्या.

एमपी३टॅगमध्येच गाण्याला चिकटवलेली मोठी चित्रं काढून टाका. त्यांच्यामुळे काही प्लेअर गाणं सुरू करायला रेंगाळतात.

फोल्डर एकाच पातळीवर ठेवा: हरिपाठ, कीर्तन, नाट्यगीतं, शेत. फोल्डरात फोल्डर नको, एकेका फोल्डरमध्ये शंभराच्या आत फाइली बऱ्या. फोल्डरांच्या नावांच्या सुरुवातीलाही 01, 02 घाला.

६. कॉपी करण्याचा क्रम

स्वस्त प्लेअरचा हिशेब रेशनच्या रांगेसारखा: जो आधी आला त्याचा नंबर पहिला. त्यामुळे नावं अचूक देऊनही कॉपी चुकली तर क्रम चुकतो.

सगळ्या फाइली निवडून माउसने ओढून कार्डावर टाकू नका. विंडोज बहुधा ज्या फाइलला तुम्ही पकडलं तिच्यापासून कॉपी सुरू करतं. सातव्या अभंगाला धरून ओढलं की सातवा पहिला जातो. हरिपाठाची तक्रार इथून येते.

बरोबर पद्धत: आतल्या फाइलींना हात न लावता पूर्ण फोल्डर कॉपी करा. एका वेळी एक फोल्डर. ०१ पूर्ण गेला की ०२.

मधलं एखादं गाणं नंतर बदलायचं असेल तरी तेवढंच पुसून नवीन टाकू नका. पुसलेल्याची मोकळी जागा दुसऱ्याच फाइलीला मिळू शकते. कॉम्प्युटरवरच्या संग्रहात बदल करा, कार्डावरचा तो फोल्डर पूर्ण पुसा आणि नव्याने कॉपी करा. म्हणून तर चौथ्या पायरीत मूळ संग्रह वेगळा ठेवायला सांगितला.

मोबाईलवरून कार्ड रीडरने भरत असाल तर कोणतं फाइल मॅनेजर कुठल्या क्रमाने पाठवतं याचा नेम नाही. पाच फाइलींचा फोल्डर पाठवून प्लेअरवर क्रम बघा, मगच पुढे जा.

प्लेअरच वायरने जोडणार असाल आणि कॉम्प्युटरला तो दिसत नसेल, तर आधी वायर बदला. पुष्कळ वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही.

७. कार्ड काढताना

कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहिणं संपलंच असं नाही. "इजेक्ट" करा, सूचना येऊ द्या, मग काढा. घाईत ओढलेल्या कार्डात शेवटच्या दोन-चार फाइली अर्ध्या राहतात आणि प्लेअर नेमका त्यांच्यावर येऊन अडकतो.

लगेच तपासा: प्रत्येक फोल्डरचं पहिलं आणि शेवटचं गाणं दहा-दहा सेकंद वाजवा. शेवटचं वाजलं तर कॉपी बहुधा पूर्ण झाली आहे.

८. प्लेअरवरच्या सेटिंग

"फोल्डर" मधूनच गाणी लावायची सवय घाला. "आर्टिस्ट" आणि "अल्बम" टॅगवर चालतात, तिथे तुमचा क्रम दिसेलच असं नाही. शफल बंद आहे ना ते बघा. आईवडिलांकडून ते चुकून दाबलं जातं आणि सगळी मांडणी बिघडल्यासारखी वाटते. इक्वलायझर "नॉर्मल" वर ठेवा. एफएम ऐकायचं असेल तर वायरचाच इअरफोन लागतो, कारण ती वायर हाच अँटेना असतो.

आवाजाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलवर फक्त ४ तास. प्लेअरवर डेसिबल दिसत नाहीत, म्हणून जास्तीत जास्त आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत राहा. त्याच्यावरही ऐकू येत नसेल तर इअरफोनचं रबर कानाच्या मापाचं नाही, ते बदला. एसटीत किंवा ट्रॅक्टरजवळ आवाज चढवण्यापेक्षा बंद ठेवलेलं चांगलं.

९. चार्जिंग आणि पावसाळा

"पहिल्यांदा आठ तास चार्ज करा" हे जुन्या निकेल बॅटऱ्यांचं सांगणं. आतली बॅटरी लिथियमची असते, पूर्ण झाली की काढा. घरात पडलेला जुना ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर यासाठी उत्तम.

प्लेअरला टाइप-सी पोर्ट असूनही दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरने तो चार्ज होत नसेल, तर तो बिघडलेला नसतो. स्वस्त वस्तूंमध्ये अशा चार्जरला "वीज दे" म्हणून सांगणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली वायर लावा, लगेच चार्ज होईल.

महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि दर तीनेक महिन्यांनी बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी ड्रॉवरमध्ये पडून राहिली की पुन्हा उठत नाही. पाठ फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

भिजला तर आधी बंद करा, कार्ड काढा, पुसून पंख्याखाली दोन दिवस ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात नको, आणि चालतो का बघायला मध्येच चार्जरही लावू नका; ओल्या सर्किटला वीज मिळाली की खरं नुकसान तेव्हा होतं. द्राक्षबागेत फवारणीच्या दिवशी तो घरीच राहू द्या. हळदीच्या दिवसांत पिवळी धूळ पोर्टमध्ये जाते, ती प्लेअर बंद करून कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढा. सुई किंवा पिन घालू नका. वडिलांसाठी घेतला असेल तर आवाजाच्या वाढवायच्या बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब लावा आणि भरलेल्या कार्डाची एक नक्कल करून पाकिटात नाव घालून घरी ठेवा.